एलाचा उःशाप: कादंबरीत एक, पडद्यावर दुसरा

दशावताराच्या आख्यानात शाप दिला गेला की उःशाप मागितला जाणारच. शापित पात्र पाया पडतं, ऋषी जरा निवळतात आणि अट सांगतात: अमक्याचा पाय लागेल, तमका अवतार येईल, तेव्हा सुटशील. कार्तिकातल्या जत्रांना रात्रभर बसणाऱ्या माणसाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. मध्ये संवाद कितीही लांबले, युद्ध कितीही रंगलं, तरी पहाटेच्या सुमारास कंपनी त्या अटीपाशी येते, कारण समोर बसलेला प्रत्येक जण तिचीच वाट बघत असतो. म्हणूनच एखादी नवी परीकथा पुस्तकात एक आणि पडद्यावर दुसरी दिसली, तर ती तपासायला आपल्याकडे चांगलं माप तयार आहे. शाप नेमक्या कोणत्या शब्दांत दिला, आणि उःशाप कुणाच्या हाती ठेवला?

‘एला एन्चांटेड’ या कथेला हे माप लावून पाहू. गेल कार्सन लेव्हीन यांची ही पहिली कादंबरी १९९७ साली आली आणि १९९८ मध्ये तिला न्यूबेरी ऑनर हा अमेरिकेतला बालसाहित्याचा मान मिळाला. २००४ मध्ये टॉमी ओहेव्हर यांनी तिच्यावर चित्रपट केला. एला झाली अ‍ॅन हॅथवे, राजपुत्र झाला ह्यू डॅन्सी. मूळ गोष्ट सिंड्रेलाची. ती सावत्र आईचं सगळं निमूट का ऐकते, हे लेव्हीन यांना काही केल्या पटेना, आणि त्या न पटण्यातूनच कादंबरीचा शाप निघाला. ऐकते, कारण तिला न ऐकणं शक्यच नाही.

ल्यूसिंडा नावाची परी बाळाला बघायला येते. बाळ रडत असतं. त्याच्यावर मेहेरबानी म्हणून ती वर देते: ही मुलगी कायम आज्ञाधारक राहील. शाप देते आहे असं तिला वाटतच नाही, आणि इथेच ही गोष्ट पुराणातल्या शापांपासून वेगळी होते. दुर्वासांना आपण रागावलो आहोत हे माहीत असतं, म्हणून त्यांच्याकडे उःशाप मागता येतो. जिला आपण वर दिला असंच वाटतं, तिच्याकडे उःशाप मागायचा कसा? श्रावणातल्या कहाण्यांत ‘उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही’ असं म्हणतात, पण तो वसा घेतलेला असतो, आपल्या तोंडाने कबूल केलेला असतो. एलाचा वसा तिला शुद्ध येण्याआधीच गळ्यात पडला आहे.

कादंबरीची खरी ताकद या शापाच्या नियमांत आहे. लेव्हीन ते पहिल्याच प्रकरणात सांगून टाकतात आणि शेवटपर्यंत मोडत नाहीत. थेट हुकूम असेल तरच तो लागू होतो. इच्छा किंवा सूचना लागू होत नाही. ‘शाल घेतलीस तर बरं होईल’, ‘आता झोपायला का जात नाहीस’ असं कुणी म्हटलं तर एला खुशाल दुर्लक्ष करू शकते. पण ‘शाल घे’ म्हटलं की संपलं. तिला थोडा वेळ हुकूम लांबवता येतो, मात्र त्याची किंमत शरीर मोजतं: मळमळ, चक्कर, दम लागणं. पाचव्या वाढदिवशी तिच्यापुढे केकचा तुकडा ठेवून ‘खा’ म्हटलं जातं आणि ती खातच सुटते, थांबताच येत नाही. ‘खाणं थांबव’ हा दुसरा हुकूम मिळतो तेव्हाच सुटका होते. एलाला शापाची पुरती ओळख होते ती तेव्हा. पुढे आई तिला बजावते की हे कुणालाही सांगायचं नाही, आणि तोही हुकूमच असल्याने एला मनात असूनही कुणापुढे मन मोकळं करू शकत नाही. संपूर्ण कथानक या एका आज्ञेवर उभं आहे. चित्रपटानेही ती ठेवली आहे, कारण ती काढली तर एला पहिल्याच भेटीत राजपुत्राला सगळं सांगून मोकळी होईल.

नियम आले की पळवाटा येतात. मॅन्डी ही घरातली स्वयंपाकीण. तिने बदाम आणायला सांगितले की एला दोनच बदाम घेऊन येते. ‘हे भांडं धर’ म्हटलं की धरते, पण भांड्यासकट स्वयंपाकघरभर फिरते. हुकुमाचे शब्द पाळायचे आणि त्यामागचा हेतू पाळायचा नाही, ही तिची रोजची लढाई. या शापाने आपल्याला मवाळ करण्याऐवजी बंडखोर केलं, असं ती स्वतःच सांगते. कादंबरी प्रथमपुरुषी असल्यामुळे हात भांडं धरत असताना आत काय चाललंय ते आपल्याला ऐकू येतं.

पडद्यावर हे आतलं ऐकू येत नाही, आणि चित्रपटाची सगळी अडचण इथून सुरू होते. दिग्दर्शकाने शाप मनावरून काढून अंगावर आणला. ‘थांब’ म्हटलं की एला जागच्या जागी गोठते. गाण्याचा हुकूम झाला की राक्षसांच्या लग्नात भर मांडवात ती क्वीन या बँडचं ‘समबडी टू लव्ह’ गाते. मध्येमध्ये एरिक आयडल सूत्रधार म्हणून येऊन गोष्ट पुढे ढकलतो. हशा मिळतो, आणि लहान मुलांना शाप म्हणजे काय ते पाच मिनिटांत कळतं, हे मान्यच केलं पाहिजे. पण प्रतिकार दिसेनासा होतो. हुकूम सुटला की बटण दाबल्यासारखं शरीर हलतं. मधली ओढाताण, दोन बदामांची हुशारी, लांबवलेल्या क्षणांची किंमत यांतलं फार थोडं पडद्यावर शिल्लक राहतं. मग शेवटी तिला शाप मोडायचा असतो, तेव्हा त्यासाठी लागणारं बळ तिने कुठे कमावलं हे आपण पाहिलेलंच नसतं.

इथे मराठीचा प्रश्न येतो. ही कथा कुणी मुलांना मराठीत सांगायला घेतली, किंवा गावच्या वाचनालयासाठी संक्षेप करायला घेतला, तर पहिल्याच पानावर अडायला होईल. इंग्रजीत हुकूम आणि विनंती यांच्यातली रेघ बरीच ठळक आहे. आपल्याकडे ती पुसट आहे. ‘बस’, ‘ये’, ‘दे’ हा साधा आज्ञार्थ, त्याबद्दल वाद नाही. ‘बसा’, ‘या’, ‘द्या’ हाही आज्ञार्थच, आदर घातला म्हणून हुकूम कमी होत नाही. ‘बसावं’, ‘यावं’ यांत विनवणी आहे, ते सोडता येईल. ‘पाणी देशील का?’ हा प्रश्न, तोही सुटला. पण ‘इथे बसायचं, बोलायचं नाही’ याचं काय करायचं? व्याकरणात तो आज्ञार्थ नाही, आणि घरात मात्र त्याच्याइतका कडक हुकूम दुसरा नाही. ‘संध्याकाळी विहिरीवर जाशील आणि दोन कळश्या आणशील’ हे भविष्यकाळी वाक्य आहे आणि तरी ते ऐकावंच लागतं.

माझ्या मते सांगणाऱ्याने सुरुवातीलाच ठरवून टाकावं: आज्ञार्थ, ‘-यचं’ आणि हुकुमी सुरातलं ‘-शील’ हे तिन्ही लागू. ‘-वं’, ‘तर बरं’ आणि खरा प्रश्न हे लागू नाहीत. हा नियम मुलांना पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून द्यावा. तो मध्येच बदलला तर बारा वर्षांचं पोर लगेच पकडतं, आणि एकदा पकडलं की त्याचा गोष्टीवरचा विश्वास जातो.

मॅन्डीच्या तोंडी मालवणी दिली तर फार चांगलं जमतं. ती चाकर असून घराची मालकीण असल्यासारखी बोलते, आणि तिच्या रागातही माया आहे. ‘गो बाय, गप रव’ यात हे सगळं येतं. ‘गो बाय’ने माया आली, ‘गप रव’ने शाप लागू झाला. हॅटीला मात्र मालवणी देऊ नये. ती मोठेपणा मिरवणारी सावत्र बहीण, तिच्या तोंडी शहरी, घासलेली प्रमाण मराठी शोभते, आणि त्या भाषेतला कोरा आज्ञार्थ अधिक बोचतो.

आणखी एक अडचण अगदी क्षुल्लक वाटेल, पण वाचून दाखवताना हटकून नडते. राजपुत्राचं नाव चार्मॉन्ट, सगळे त्याला ‘चार’ म्हणतात. मराठीत ‘चार आला’, ‘चारने पत्र लिहिलं’ असं वाचलं की मुलं आकडा ऐकतात आणि हसतात, तेही आई गेल्याच्या प्रसंगात, कारण दोघांची भेट तिच्या अंत्यविधीला होते. लघुरूप सोडून द्यावं आणि पूर्ण नाव वापरावं. इंग्रजीत लघुरूपाने जी जवळीक दाखवली आहे ती आपण ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येऊन दाखवू शकतो. हा बदल कोणत्या पानावर करायचा ते आधी ठरवून ठेवावं. मला दोघं जिन्याच्या कठड्यावरून घसरत येतात तो प्रसंग योग्य वाटतो. त्यानंतरच्या पत्रांत ‘तू’ हवंच.

भाषेचा विषय निघालाच आहे तर चित्रपटाने केलेली सर्वांत मोठी काटछाट सांगते ती इथेच. कादंबरीतली एला भाषा पटापट शिकणारी मुलगी आहे. बुटके, रानात राहणारे एल्फ, राक्षस, नरभक्षक ऑगर, शेजारचं अयोर्था राज्य, प्रत्येकाची भाषा लेव्हीन यांनी वेगळ्या नादाची घडवली आहे आणि त्यांची वाक्यं पानावर छापली आहेत. हे नुसतं सजावटीचं काम नाही. जिच्यावर इतरांचे शब्द सत्ता गाजवतात, ती मुलगी इतरांचेच शब्द शिकून सत्ता परत मिळवते. ऑगर तिला पकडतात तेव्हा त्यांचं हत्यार म्हणजे समोरच्याला भुलवणारा मधाळ आवाज. एला त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच मधाळ सुरात बोलून त्यांना निजवते. राजपुत्र आणि त्याचे सरदार नंतर येतात, कानांत मेण घालून. चित्रपटात एलाची भाषा नाही, म्हणून तिचं हत्यारही नाही, आणि ऑगरांच्या तावडीतून तिला सोडवायला राजपुत्र धावून येतो. एकच प्रसंग, पण नायिका बदलली.

कोकणात या प्रसंगाची गंमत अधिक कळावी. सावंतवाडीकडची मालवणी, संगमेश्वरी बोली, बाणकोट-दापोलीकडच्या मुसलमान वस्तीतली कोकणी, चित्पावनी, खाली गोव्याच्या सीमेवरची कोकणी, इतक्या बोली एका किनाऱ्यावर नांदतात. बाजारात मासे घेताना समोरच्या बाईच्या बोलीत दोन शब्द टाकले की भाव कसा उतरतो हे इथल्या पोरांना पुस्तकातून शिकावं लागत नाही.

आता एडगर. कादंबरीत हे पात्रच नाही. चित्रपटात तो राजपुत्राचा काका, राज्याचा कारभारी, आणि मनाने खुनी. राज्याचं नावही बदललं आहे: कादंबरीत किरिया, पडद्यावर लेमिया. एडगरने एल्फांना फक्त करमणुकीचा धंदा करायला ठेवलं आहे, राक्षसांना शेतात वेठीला धरलं आहे, ऑगरांना रानात हाकललं आहे. भूमिका केरी एल्वेस यांची. १९८७ साली दुसऱ्या एका परीकथेच्या चित्रपटात, तोही कादंबरीवरूनच केलेला, ते नायक होते, म्हणून परीकथांच्या प्रेक्षकाला त्यांना इथे खलनायक बघताना वेगळी मौज वाटते.

एडगर का आणावा लागला हे नीट समजून घेतलं पाहिजे, नुसतं ‘पुस्तकात नाही’ म्हणून नाक मुरडून उपयोग नाही. रंगमंचाला आणि पडद्याला लढायला समोर एक चेहरा लागतो. दशावतारात राक्षसपात्र आरोळी ठोकत शिरलं की पेंगुळलेला प्रेक्षक सावरून बसतो, तीच ही गरज. कादंबरीतली लढाई एलाच्या आत आहे, तिला रंगमंचावर उभं करता येत नाही. मग पटकथाकारांनी एक हुशारीचं काम केलं. कादंबरीत राजपुत्र पत्रातून लग्नाची मागणी घालतो, तेव्हा एलाला क्षणभर अपार आनंद होतो आणि लगेच भीती वाटते. मी राणी झाले आणि माझा शाप शत्रूला कळला तर? राज्याची गुपितं सांग म्हणतील, राजाला मार म्हणतील, आणि मला ते करावं लागेल. ही भीती कादंबरीत भीतीच राहते. पडद्यावर ती खरी घटना होते. एडगरला हॅटीकडून शाप कळतो आणि तो एलाला हुकूम सोडतो की मध्यरात्रीच्या ठोक्याला राजपुत्राला खंजीर मार आणि याबद्दल कुणाजवळ बोलू नकोस. म्हणजे एडगर बाहेरून आणलेला दिसला तरी त्याचं बी कादंबरीच्याच पानावर आहे.

पण त्याची किंमत मोठी पडली. कादंबरीत या भीतीपायी एला काय करते? राजपुत्राला वाचवण्यासाठी स्वतःला त्याच्या मनातून उतरवते. हॅटीच्या नावाने खोटं पत्र लिहिते, की एलाने एका श्रीमंत म्हाताऱ्याशी लग्न केलं, ती तुला हसत होती. हुकूम कुणी दिलेला नाही. हा तिचा स्वतःचा निर्णय, आणि सगळ्या पुस्तकातला सर्वांत कठोर. पडद्यावरची एलाही निरोपाचं पत्र लिहून निघून जाते आणि स्लॅनन या एल्फाकडून स्वतःला झाडाला साखळदंडाने बांधून घेते. दृश्य म्हणून ते चांगलं आहे. पण बांधून घेणं हे शरीराचं काम. आपल्याच हाताने आपली अब्रू घालवणारं पत्र लिहिणं हे मनाचं. त्यानंतर ल्यूसिंडा येऊन साखळ्या सोडते, वर झगा चढवते आणि नाचाला पाठवते, म्हणजे अजूनही तिला आपली चूक कळलेली नाही. कादंबरीत मात्र मॅन्डी, जी स्वतःही परीच आहे, ल्यूसिंडाला आव्हान देते की तू दुसऱ्यांना जे वर देतेस ते स्वतः भोगून बघ: तीन महिने खार होऊन, तीन महिने आज्ञाधारक होऊन. ती भोगते आणि हादरते. पश्चात्ताप झाल्यावरही ती एलाचा शाप काढत नाही, कारण मोठी जादू कायमची सोडल्याचं ती सांगते. उःशापाचं पुराणातलं दार लेव्हीन यांनी असं मुद्दाम बंद केलं आहे.

नाचाच्या रात्री किती, हे वरवर बारीकसारीक वाटतं. शार्ल पेरोच्या १६९७ च्या फ्रेंच सिंड्रेलात दोन रात्री आहेत. काचेचा जोडा आणि भोपळ्याची गाडी तिथलीच. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या जर्मन गोष्टीत तीन दिवसांचा सोहळा आहे, जोडा सोन्याचा आहे आणि सावत्र बहिणी टाच-बोटं कापून पाय कोंबतात. लेव्हीन यांनी पेरोचा जोडा आणि भोपळा घेतला, रात्री मात्र ग्रिमच्या तीन घेतल्या. मुखवटा घालून, लेला असं नाव सांगून एला तिन्ही रात्री जाते. तिसऱ्या रात्री हॅटी मुखवटा ओढते. तीन रात्रींमुळे ओळख हळूहळू वाढायला जागा मिळते. चित्रपटात एकच राज्याभिषेकाचा नाच आहे, ९६ मिनिटांत दुसरं जमणारही नव्हतं. भोपळ्याबद्दल एवढंच: मराठीत सांगताना ‘तांबडा भोपळा’ म्हणावं, नुसता भोपळा म्हटलं तर निम्म्या मुलांच्या डोळ्यांपुढे दुधी येतो. टुणुक टुणुक जाणाऱ्या भोपळ्यावर वाढलेल्या मुलांना गाडीचं नवल मुळीच वाटत नाही.

आता दोन्ही उःशाप. पडद्यावर आरसेमहालात राजपुत्र मागणी घालतो आहे, तिच्या हातात खंजीर आहे, बारा वाजत आहेत. एलाला आरशात स्वतःचं प्रतिबिंब दिसतं आणि ती त्याला हुकूम देते: यापुढे तू आज्ञाधारक राहणार नाहीस. शाप तुटतो. दृश्य देखणं आहे, अ‍ॅन हॅथवेने ते जीव ओतून केलं आहे, आणि मुलं इथे टाळ्या वाजवतात. पण नियम तपासा. स्वतःला हुकूम देऊन सुटता येत असेल तर घरात आरसा आधीही होता. इतकी वर्षं का नाही? चित्रपट याचं उत्तर देत नाही. पुढे कैद, सुटका, विषारी मुकुट, लढाई असं बरंच काही येतं आणि प्रश्न त्या गडबडीत विरून जातो.

कादंबरीत खंजीर नाही, आरसा नाही. राजपुत्र जोडा घेऊन घरी येतो, जोडा तिच्या पायात बसतो आणि राजपुत्र म्हणतो, ‘माझ्याशी लग्न कर.’ शब्द प्रेमाचे, रूप हुकुमाचं. एलाला तेच हवं आहे, आणि तेच केलं तर तो हुकमाचा ताबेदार होऊन केलेला होकार ठरेल, शिवाय राजपुत्राचा जीव धोक्यात. ती हसते, रडते, खुर्चीत मागेपुढे झुलते, तोंडात आलेलं ‘हो’ गिळते. आणि अखेर ‘नाही’ म्हणते. त्या ‘नाही’ने शाप तुटतो. आजवर ऑगरांपुढे, हॅटीपुढे, सावत्र आईपुढे तिने केलेला प्रतिकार स्वतःसाठी होता आणि तो पुरला नाही. दुसऱ्याला वाचवायचं म्हटल्यावर पुरला. आणि मग तीच त्याला मागणी घालते.

म्हणून मराठीत हे एक वाक्य जपावं. आपल्याकडे सभ्य राजपुत्राच्या तोंडी ‘माझ्याशी लग्न करशील का?’ असंच येईल, हात आपोआप तिकडे वळतो. तसं लिहिलं की तो प्रश्न झाला, शाप लागूच होत नाही, आणि सगळ्या पुस्तकाची बांधणी एका ‘का’पायी कोसळते. ‘लग्न कर’ असंच हवं, मग ते कितीही अडाणी वाटो.

हे सगळं मुलांबरोबर करायचं असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी चित्रपट दाखवला तर कादंबरी वाचताना पोरं पानापानावर एडगरला शोधतात आणि तो येत नाही म्हणून कंटाळतात. पूर्ण कादंबरी आधी वाचली तर चित्रपटभर ‘हे असं नाही, ते तसं नाही’ अशी कुरबुर चालते. त्यापेक्षा मागणीच्या पत्रापर्यंत वाचावं आणि तिथेच पुस्तक मिटावं. ‘आता तिने काय करावं?’ हे प्रत्येकाने दोन-तीन ओळींत लिहून द्यावं. मग चित्रपट पूर्ण बघावा. मग उरलेलं पुस्तक. असं केलं की दोन्ही शेवट मुलांच्या स्वतःच्या उत्तराशेजारी येऊन बसतात, आणि बोलायला खरा विषय मिळतो.

इंग्रजी थोडं वाचून, थोडं मराठीत समजावून रोज अर्धा तास घेतला तर साधारण चार आठवडे लागतात. सातवी-आठवीची दहा-बारा मुलं पुरेत. तीन मुलांमागे एक प्रत असावी. त्याहून कमी असेल तर कडेची मुलं वाचत नाहीत, नुसती ऐकतात. प्रत्येकाने एक ‘हुकूम-वही’ ठेवायची. पानावर पाच रकाने: हुकूम कुणी दिला, नेमके शब्द, आज्ञा की इच्छा की प्रश्न, एलाने पळवाट काढली का, आणि लांबवल्याची किंमत काय पडली. मुलांची नेहमीची चूक म्हणजे मोठे हुकूम तेवढे टिपायचे. पण ‘इकडे ये’, ‘ऐक’, ‘काळजी करू नको’ असे सहज सुटलेले हुकूमच मजेचे. ‘काळजी करू नको’ हा हुकूम पाळायचा कसा, यावर अर्धा तास सहज जातो.

चित्रपटाला इंग्रजी उपशीर्षकं लावावीत, कारण वहीत नेमके शब्द हवेत आणि गाण्यांच्या गलबल्यात ते निसटतात. दुसऱ्या भाषेतल्या ध्वनिपट्टीवर हा अभ्यास करू नये, तिथे हुकमांची विनंती झालेली असू शकते. तीनदा थांबावं: राक्षसांच्या लग्नानंतर, एडगरच्या हुकमानंतर, आणि आरशानंतर लगेच, लढाई सुरू होण्याआधी. शेवटचा थांबा चुकवला तर आरशाचा प्रश्न कुणाच्या लक्षात राहत नाही. थांबे धरून अडीच तास ठेवावेत. आषाढ-श्रावणात पत्र्याच्या छपराखाली मात्र हा बेत करू नये. पावसाची सर आली की स्पीकर कितीही वाढवला तरी संवाद ऐकू येत नाहीत, आणि इथे तर सगळी कथाच संवादांच्या क्रियापदांत आहे. स्लॅबची खोली मिळत नसेल तर दिवाळीनंतर ठेवावा. तेव्हाही वीज जाईल हे धरून लॅपटॉप पूर्ण चार्ज असावा आणि स्पीकर बॅटरीवर चालणारा असावा. चित्रपट आधीच उतरवून ठेवावा, ऐन वेळी नेटवर्कच्या भरवशावर राहू नये.

चित्रपटाचा एक गुण मात्र मुलांसमोर आवर्जून काढावा. त्याने हुकमाचा प्रश्न एका मुलीवरून राज्यावर नेला. एल्फांनी नाचायचंच, राक्षसांनी राबायचंच, असं ठरवून टाकणारा कायदा हाही शापच. हे कादंबरीत इतक्या उघडपणे नाही. पडद्यावरची एला आधीपासून निषेधाचे फलक घेऊन उभी असते, स्लॅननला वकील व्हायचं असतं आणि कायदा त्याला होऊ देत नाही. ज्यांना चित्रपट फसला असं वाटतं, त्यांनी हा धागा पुन्हा बघावा. लेव्हीन यांनी स्वतःही चित्रपटाला पुस्तकाशी जुळवत न बसता वेगळी निर्मिती म्हणून पाहावं असंच सुचवलं आहे. मला कादंबरी कितीतरी अधिक भक्कम वाटते, पण एल्फाच्या वकिलीचा तुकडा मी पुस्तकात आनंदाने घेईन.

शेवटच्या पानाची एक गोष्ट राहिली. लग्नानंतर कादंबरीतली एला राजकन्या ही पदवी नाकारते. त्याऐवजी दोन पदं स्वतःच्या पसंतीने घेते, एक दरबारातल्या भाषांचं आणि दुसरं मॅन्डीच्या चुलीपाशी. पहिल्याला ‘दरबारी दुभाषी’ चांगलं बसतं. दुसऱ्याला ‘स्वयंपाक सहाय्यक’ लिहिलं तर सरकारी भरतीची जाहिरात वाटते. ‘मॅन्डीच्या हाताखालची’ म्हणावं. आपल्याकडे लग्नाच्या स्वयंपाकात नारळ खवणारीला, वाटप वाटणारीला तेच म्हणतात.